खांद्याखालची चार बोटं

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता जालन्यातल्या एका खासगी तपासणी केंद्रात माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या खांद्याचा एमआरआय झाला. तिचं नाव नलिनी, मी तिला अक्का म्हणते, वय सत्तावन्न. ती तीर्थपुरीत राहते आणि जवळच्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. खांद्याच्या मागच्या बाजूला, त्वचेत, तिला डीएफएसपी नावाची गाठ आहे हे सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत आधीच ठरलं होतं. हा कर्करोगाचा दुर्मिळ प्रकार. तो सहसा लांब पसरत नाही, पण जागच्या जागी मुळं सोडतो आणि एखादं मूळ राहिलं तर परत येतो. अक्काची गाठ दोन वर्षांपूर्वी एकदा काढली होती. चरबीची साधी गाठ समजून काढली आणि तपासायला न पाठवता टाकून दिली. ती परत आली होती. शुक्रवारी संभाजीनगरला शस्त्रक्रिया ठरली होती. किती कापायचं हे सोमवारच्या चित्रांवरून ठरणार होतं.

मी पुण्यात वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करते. आठवड्याची रजा घेऊन गेले होते. पुढचं सगळं त्या दिवसांतल्या टिपणांवरून लिहिलं आहे.

जालना, सोमवार

पुण्यातल्या अशा केंद्रांत टोकनचा आकडा भिंतीवर उजळतो आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. जालन्यात माणसाला गावाच्या नावाने हाक मारतात.

"जाफराबाद!" दारातून आवाज आला. दोन माणसं उठली.

"मणका का गुडघा?"

"गुडघा."

"मंग बसा तुम्ही. मणका आधी."

गुडघा बसला. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी अक्काला विचारलं, "तुमचं काय, मावशी?"

"खांदा."

"पडल्या काय?"

"हां, पडल्ते," अक्का म्हणाली. ती पडली नव्हती.

आत जाण्याआधी मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना काढून तिने माझ्या रुमालात दिल्या. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, एसटीत वाहक होते, आता निवृत्त आहेत. ते घड्याळ पाहत दाराशी उभे राहिले. मला कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत जाऊ दिलं. तिथे तंत्रज्ञ मुलीने गाठीच्या कडेला चिकटपट्टीने तेलाच्या दोन पिवळ्या गोळ्या चिकटवल्या.

"खायच्या न्हाईत बरं का ह्या, मावशी. चित्रात गाठ कुठं हाय ते दिसावं म्हणून."

"मी नर्स हाय, बाळा."

"मंग बरंच झालं. सिस्टर, हे डाग कशाचे?"

"घामोळ्या."

"फेब्रुवारीत?"

"तीर्थपुरीला ये एकदा, मंग कळंल."

मुलगी हसली आणि कागदावर घामोळ्या लिहिलं. चाळीस मिनिटं यंत्राची ठकठक भिंतीतून ऐकू येत होती. मध्येच ती थांबायची. थांबली की दाजी माझ्याकडे पाहायचे.

सव्वाअकराला रेडिओलॉजिस्ट डॉ. साळवे यांनी मला एकटीला आत बोलावलं. पन्नाशीच्या बाई, बोलणं तुटक. पडद्यावर करड्या रंगात अक्काचा खांदा होता.

"ही मूळ गाठ," त्यांनी पेनाची टोपी पडद्यावर ठेवली. "आवळ्याएवढी. तिच्याबद्दल शंका नाही. अडचण तिच्या आजूबाजूला आहे. इथे वर, मानेकडे, पांढुरकं दिसतंय. आणि खाली ही शेपटी, चार बोटं लांब. या चित्रांत सूज पांढरी दिसते आणि ही गाठही पांढरी दिसते. इंजेक्शन देऊन पाहिलं, दोन्ही भाग उजळले."

"मग फरक कसा करतात?"

"पेशंटने खरं सांगितलं तर करता येतो. त्यांच्या त्वचेला कोणीतरी काहीतरी लावलंय. विचारलं तर घामोळ्या म्हणाल्या."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. शेपटी खालच्या स्नायूच्या पडद्याला, म्हणजे त्याच्यावरच्या पातळ आवरणाला, टेकली होती. ती गाठ असेल, तर सर्जन पडदा आणि स्नायूची एक पट्टी काढणार. हात डोक्यावर न्यायला लागणारा तो स्नायू. ती नुसती भाजल्याची सूज असेल, तर तो विनाकारण कापला जाणार. आणि गाठ असून सूज समजून सोडली, तर तिथूनच ती तिसऱ्यांदा वाढणार.

"महिनाभर थांबून पुन्हा चित्र काढलं तर सूज ओसरलेली असेल. पण ही एकदा परत आलेली आहे. मी थांबायला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "अहवाल बुधवारी दुपारपर्यंत हातात ठेवते. काय लावलं, कधी लावलं आणि नेमकं कुठे, हे मला आणून द्या."

मी तीन प्रश्न वहीत लिहिले.

तीर्थपुरी, सोमवार

अंबडच्या रस्त्याला लागेपर्यंत मागे लोखंडाच्या कारखान्यांचा धूर दिसत होता. पुढे मोसंबीच्या बागा, काढणीला आलेला हरभरा, आणि कालव्याचं पाणी सुरू झालं की ऊस. एसटीचा चालक दाजींच्या ओळखीचा निघाला. अक्का खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती. ती झोपलेली नव्हती. गाडी आदळली की डावा हात उजव्या खांद्याकडे जात होता.

घरी आल्यावर दाजींनी शेजारच्या शेतातून हुरडा आणला. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून, हातावर चोळून त्यांनी माझ्या ताटलीत दाणे टाकले. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. पुण्याजवळ हुरड्यासाठी लोक गाडी काढून ठरवून जातात, इथे तो चहाबरोबर येतो. मी ताटली हातात धरून बसले.

"का गं, गोड न्हाई का?" दाजींनी विचारलं.

"गोड आहे."

"मंग खा की. ह्या दोघी बहिणी सारख्याच. बोलायचं न्हाई आन् खायचं बी न्हाई."

दिवस मावळताना अक्काने पाठीला मलम लावायला मला आत बोलावलं. दिव्याखाली मी तिची पाठ पहिल्यांदा नीट पाहिली. जुन्या टाक्यांच्या रेषेवर तांबूस, टणक गाठ. तिच्या वर, मानेच्या बाजूला, काळपट गोल डाग, भोवतीची कातडी सोललेली. गाठीच्या खाली एक फिकट तपकिरी पट्टा, तिथे डाग नव्हते.

"अक्का, घामोळ्या ओळीत येत नाहीत."

मी डाग मोजले.

"सहा आहेत. तीन आणि तीन."

"बिब्बा हाय," ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "खैरूनबीनं घातला, घनसावंगीच्या. दहा-बारा दिस झाले."

बिब्ब्याचं फळ तापवून त्याला सुई टोचतात आणि सुईवर आलेल्या तेलाचा ठिपका दुखऱ्या जागी देतात. कातडी जळून सूज आली, फोड आले, की बिब्बा उतला म्हणतात. मुरगळ, गाठ, सांधा, सगळ्याला तो घालणारी माणसं या भागात अजून आहेत. अक्काच्या उपकेंद्राच्या भिंतीवर, तिच्याच अक्षरात, असं करू नका म्हणून लिहिलेलं आहे.

"तू घालून घेतलास?"

"हां, मीच. ओरड आता. इतकी वर्षं बायकांला सांगत आल्ये, हे उद्योग करू नका, दवाखान्यात या. आन् माझ्यावर आली तवा मीच गेल्ते, तोंडाला पदर लावून. हे त्या पोरीम्होरं सांगू व्हय? सांजच्याला सगळ्या तालुक्यात झालं असतं."

"खाली घातला होता का? गाठीच्या खाली?"

"घातला की. सगळीकडं घातला."

"खाली डाग नाहीत."

"उतला न्हाई तिथं. माझी पाठ मला दिसतिया का?" ती वळली. "सगळं बिब्ब्याचंच हाय, सुमे. तू सांग त्या डॉक्टरीणबाईला बराबर."

मला ते खरं वाटत होतं. खरं असावं असं वाटत होतं, म्हणून जास्त वाटत होतं. एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी सोडत नाहीत. सकाळच्या जीपने घनसावंगीला जायचं मी ठरवलं. अक्काला बाजारात जाते असं सांगितलं.

घनसावंगी, मंगळवार

जीप भरल्याशिवाय हलत नाही. मी बसले तेव्हा आत अकरा माणसं होती.

"अजून दोन शिटा पायजेत," चालक म्हणाला.

"टपावर घे मंग," मागून एक म्हातारे म्हणाले. "मी जातो टपावर. हवा तरी लागंल."

"बाबा, तुम्हाला टपावर घेतलं तर माझं लायसन जाईल."

"हाय का तुझ्याकडं?"

सगळे हसले. पुढे वाटेत उसाची ट्रॉली कलंडली होती. रस्ताभर ऊस. जीप पाऊण तास थांबली, लोक उतरून उसाची कांडी मोडून खाऊ लागले. एका बाईंनी मलाही अर्धं कांडं दिलं. बुधवारची दुपार किती तासांवर आहे हे मी तेवढ्यात चार वेळा मोजलं.

खैरूनबी बांगड्या विकतात. तालुक्यातले आठवडी बाजार त्या करतात. घर विचारताच दोघांनी हात दाखवला. दारात दोरीला ओवलेल्या काचेच्या बांगड्यांचे जुडगे टांगलेले, आत खाटेवर सत्तरीच्या बाई. मी नाव सांगण्याआधी त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि बोटं जवळ करून दाबून पाहिली.

"सव्वादोनचं माप. मोकळेच हात? पुण्यात भरत न्हाई का कोनी?"

"मी नलिनी नर्सबाईंची बहीण."

"वो तो दिख रहा," त्या म्हणाल्या. सुनेला हाक मारली. "चाय रख, नर्सबाई की बहन आई." मग माझ्याकडे वळून, "कशी हाय ती? उतला का?"

"उतला. सहा डाग आहेत."

"सहाच असतेत. तीन इधर, तीन उधर. सातवा मी कोनालाच देत न्हाई. माझ्या सासूनं शिकवलं तसं."

मी विचारलं, कुठे घातले? गाठीच्या वर, मानेच्या बाजूला. खाली? खाली नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून मी तेच उलटं विचारलं, खाली घातलेले किती? त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"बेटी, दोनदा इचारलं तरी सहाच. नर्सबाई म्हनल्या, खालीबी घाला. मी म्हनलं, न्हाई."

"का?"

"घालायच्या आधी बोट फिरवून बघते मी. गाठीच्या खाली दोरीवानी लागलं. कडक. इकडून तिकडं सरकंना. कातडीबी तिथं पैल्यापासून भुरकट. वो मेरे काम का नहीं था. मी त्यांना सांगितलं, बाई, हे बिब्ब्याचं न्हाई, जल्दी दवाखान्यात जा."

"हे तुम्ही अक्काला सांगितलं?"

"तोंडावर सांगितलं. हिच्यासमोर." त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून मान हलवून म्हणाली, "हां, बोले थे."

डॉ. साळवेंनी पडद्यावर दाखवलेली शेपटी या बाईंच्या बोटाला आधीच लागली होती.

जागा नेमकी हवी होती. खैरूनबींना चित्र काढता येईना, म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. पानाच्या डब्यातला चुना बोटाला लावून त्यांनी माझ्या कुडत्यावर सहा ठिपके दिले. मग त्यांचं बोट खाली सरकलं. खांद्याच्या हाडावरून तिरकं, पाठीच्या मधोमध जाईल असं. सावकाश. चार बोटांवर थांबलं.

"इथपर्यंत," त्या म्हणाल्या. "म्होरं हाताला काय लागलं न्हाई."

त्यांचं बोट काढून घेतल्यावरही ती रेघ पाठीवर जाणवत होती. सुनेने माझ्या फोनवर त्या ठिपक्यांचा आणि चुन्याच्या रेघेचा फोटो काढला. निघताना खैरूनबींनी माझ्या डाव्या हातात चार हिरव्या बांगड्या भरल्या. पैसे घेतले नाहीत.

"मेरा नाम मत बोलना दवाखाने में," त्या म्हणाल्या. नंतर थोडं थांबून, "बोलना पडा तो बोल."

हे लिहिताना मी त्यांचं नाव बदललेलं आहे.

उपकेंद्र, मंगळवार

परतीच्या जीपमधून उपकेंद्राच्या फाट्यावर उतरले. लसीकरणाचा दिवस होता. ओट्यावर दहा-बारा बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. अक्का टेबलामागे, उजव्या हातात सिरिंज.

"सिस्टर, हळू हां."

"हळूच हाय. अजून टोचलंबी न्हाई तर रडायला लागलं. बापावर गेलंय."

"बापाला तुम्हीच टोचलं होतं, सिस्टर," लेकराची आजी म्हणाली.

"म्हनून तर सांगते."

बाया हसल्या. औषधाची पेटी वरच्या फळीवर ठेवायला अक्काने उजवा हात वर नेला. हात गेला, पण ओठ आवळले गेले. मी तिचा हात पाहत होते. शेवटचं लेकरू गेल्यावर मी समोरच्या स्टुलावर बसले. तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"बाजारात मिळाल्या व्हय बांगड्या?"

"खैरूनबींनी भरल्या."

तिने वापरलेली सिरिंज पांढऱ्या डब्यात टाकली. झाकण दाबून बसवलं.

"त्यांनी तुला दोरीचं सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग काल सगळं बिब्ब्याचं आहे असं का म्हणालीस?"

"तू पुण्याहून आल्तीस. तुला लिहायला-बोलायला येतंय. तू सांगितलंस तर ती डॉक्टरीणबाई ऐकंल असं वाटलं." तिने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं. "गाठीचं भ्या न्हाई एवढं, सुमे. हाताचं हाय. वर्षावर रिटायरमेंट आली. हात गेला तर पदरबी नीट घेता येणार न्हाई मला. आन् त्याच्या आधी जीवच गेला तर मंग हात काय करायचा? दोन्ही इचार करून राह्यले. रोज."

मी फोनमधला फोटो तिच्यासमोर ठेवला. पांढरे सहा ठिपके आणि खाली तिरकी रेघ. तिने तो बराच वेळ पाहिला, बोटांनी मोठा करून पाहिला. पेशंटचा कागद पाहतात तसा.

"माझ्या पाठीवर असं हाय?"

"हो."

"उद्या मी येते. मीच सांगते," ती म्हणाली.

संध्याकाळी भाकरी तिनेच थापल्या. दाजी तिला उठ म्हणत होते, ती उठली नाही.

जालना, बुधवार

पहिल्या एसटीने आम्ही तिघं जालन्याला पोचलो. "तीर्थपुरी!" अशी हाक आली तेव्हा अक्का एकटीच उठली. मला तिने खुणेने मागे बोलावलं.

डॉ. साळवेंनी काही विचारण्याआधी ती बोलली. "मॅडम, परवा मी खोटं बोलल्ते. बिब्बा घातला होता. बारा दिवस झाले. गाठीच्या वर, सहा जागी. खाली घातला न्हाई. खाली आधीपासून कडक लागतंय, मला माहीत होतं."

सोमवारची तंत्रज्ञ मुलगी दाराशी उभी होती. अक्काने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डॉक्टरांकडे वळली.

डॉ. साळवेंनी तारीख विचारून लिहून घेतली. माझ्या फोनमधला फोटो चित्राशेजारी धरला. दोघींच्या पाठी सारख्या नसतात, एवढ्यावर मी लिहिणार नाही, असं म्हणून त्यांनी सोनोग्राफीची तयारी केली. अक्का पालथी झोपली. पाठीवर जेल लावली. मानेकडच्या भागात कातडीखाली पाणी धरल्याचा पसरट थर दिसला. भाजल्यावर दिसतो तसाच, त्या म्हणाल्या. मग यंत्र खाली आणलं. पडद्यावर एक काळी, अरुंद पट्टी आली. डॉक्टरांनी बटण दाबलं तेव्हा पट्टीत लाल-निळे ठिपके लुकलुकले.

"हे काय?" मी विचारलं.

"रक्तपुरवठा. गाठीला असतो तसा," पडद्याकडे मान वळवून पाहत असलेली अक्काच म्हणाली.

डॉक्टरांनी चार ठिकाणी मापं घेतली.

"दुखतं का इथे दाबल्यावर?"

"न्हाई. दुखलं असतं तर लवकर आल्ये असते."

"बिब्बा कोणी घातला?"

"बांगड्यावाली हाय एक."

"तिने खाली घातला असता, तर मला हे वेगळं काढता आलं नसतं," डॉ. साळवे म्हणाल्या आणि हात पुसले.

बारा वाजून दहा मिनिटांनी अहवाल मिळाला. वरची सूज त्वचेला लावलेल्या पदार्थामुळे असण्याची शक्यता जास्त. खालची पट्टी गाठीचाच भाग धरावी. ती स्नायूच्या पडद्याला टेकलेली आहे. स्नायूच्या आत शिरली आहे की नाही, हे या तपासणीतून निश्चित सांगता येत नाही. दाजींनी अहवाल उभ्याने दोनदा वाचला, घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला. स्टँडपर्यंत तो हात त्यांनी काढला नाही.

त्यानंतर

शुक्रवारी संभाजीनगरच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ती साडेतीन तास चालली. मानेकडचा भाग सर्जननी कापला नाही. खाली चार बोटांच्या पुढेही दोन बोटं जास्त कापलं, स्नायूचा पडदा आणि स्नायूची एक पट्टी काढली, मांडीची कातडी घेऊन जागा झाकली. रविवारी मी पुण्याला परतले.

काढलेल्या भागाचा अहवाल तिसऱ्या आठवड्यात आला. खालच्या पट्टीत, तिच्या पूर्ण लांबीत, गाठीच्या पेशी आहेत. वरची, खालची आणि दोन्ही बाजूंची कड स्वच्छ आहे, म्हणजे तिथे गाठीच्या पेशी नाहीत. अक्काचा उजवा हात कानापर्यंत जातो. स्नायूकडच्या खोल कडेतल्या एका तुकड्यात गाठीच्या पेशी आहेत की नाहीत, यावर प्रयोगशाळेने दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागवलं आहे. ते आज दुपारी चार वाजेपर्यंत आलेलं नव्हतं.